क्रॉप केल्यावर डोळा बंद असलेले लेअर पण कापले गेले, काही मात्र शाबूत! असं का?

पत्रिकावाला_सांगली

नमस्कार मंडळी, फोटोशॉपवाल्यांनी जरा लक्ष द्या, अर्जंट आहे.

मी लग्नपत्रिकांचं काम करतो. एका पार्टीची पत्रिका आहे, ५ बाय ७ इंच, ३०० रिझोल्यूशन (इंचाला ३०० पिक्सेल), सगळं एकाच पीएसडीत, म्हंजे फोटोशॉपच्या फाईलीत ठेवलेलं. म्हंजे मुख्य लग्नाचा मजकूर, त्याच फाईलीत हळदीच्या कार्डाचे लेअर (एकावर एक ठेवलेले थर) वेगळे, रिसेप्शनचे वेगळे, जे लागतील त्यांचे डोळे चालू करायचे बाकीच्यांचे बंद, अशी माझी कायमची पद्धत आहे. गेल्या आठवड्यात पार्टीचा फोन आला की व्हॉट्सअॅपला टाकायला चौकोनी द्या. मग मी वरचं तोरण, खालचा पैठणीचा काठ आणि किलबिलची ओळ असे तीन-चार लेअर बंद केले कारण चौकोनात गर्दी होत होती, क्रॉप टूल घेतलं, वर १०८० बाय १०८० टाकलं, एंटर मारलं, जेपेग काढली, पाठवली. आणि सवयीने कंट्रोल एस करून फाईल बंद केली.

आज तीन दिवसांनी छपाईला द्यायला फाईल उघडली, लेअरचे डोळे चालू केले तर तोरण वरून सरळ रेषेत कापलेलं, जणू कटिंग मशीनखाली ठेवलं होतं. पैठणीच्या काठाचा लेअर पॅनेलमध्ये दिसतो, नाव दिसतं, पण आत काहीच नाही, रिकामा! आणि गंमत बघा, त्याच तोरणाच्या शेजारी जो गणपती होता तो मूव्ह टूलने खाली ओढला तर अख्खा निघाला, मुकुटासकट. किलबिलची ओळ (आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं) ती तर क्रॉपच्या पूर्ण बाहेर होती तरी व्यवस्थित आहे.

माझा प्रश्न असा की जे लेअर मी बंद केले होते, दिसतच नव्हते, त्यांना क्रॉप लागायलाच कसा पाहिजे? आणि लागला तर मग सगळ्यांना का नाही लागला?

काठाचं सांगतो म्हंजे कळेल मी एवढा का घाबरलोय. तो नेटवरचा काठ नाहीये. नवरीच्या आजीची खरी पैठणी, पार्टीने घरून आणून दिली होती, मी ती खिडकीजवळ पसरून फोटो काढला, दोन संध्याकाळी बसून मोर न मोर मागच्या भागापासून सोडवला. पैठणी कधीच परत गेली. आता परत मागायची म्हंजे कसं तरी वाटतं.

डार्करूम_ते_डेस्कटॉप

हिस्ट्री पॅनेल बघितलं का? फाईल बंद केली म्हणतोयस म्हंजे ते गेलं. इमेज मेनूत रिव्हील ऑल आहे, सगळे डोळे चालू करून ते मारून बघ, कधीकधी बाहेरचं सगळं परत येतं.

पत्रिकावाला_सांगली

केलं दादा. कॅनव्हास मोठा झाला, गणपती पूर्ण दिसला, किलबिल खाली दिसली, पण तोरण तसंच सपाट कापलेलं आणि काठ नाहीच.

डीटीपी_अण्णा

मी सांगतो नीट, कारण हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराच्या बाबतीत एकदा तरी होतं आणि प्रत्येकाला वाटतं की सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलेलं काही नाहीये.

पहिली गोष्ट, डोळा. डोळा बंद म्हंजे फक्त दाखवू नको एवढंच. लेअर फाईलीतच आहे, त्याच जागेवर आहे, त्याच मापाचा आहे. आणि क्रॉप हे कधीच एका लेअरचं काम नाही, ते अख्ख्या डॉक्युमेंटचं काम आहे. तू कागदाचा गठ्ठा कटिंग मशीनला लावतोस तेव्हा पातं असं बघत नाही की वरचा कागद कोणता आणि मधे झाकलेला कोणता, गठ्ठ्यात जे आहे ते सगळं कापलं जातं. तसंच. ब्रशने रंगवताना किंवा डिलीट दाबताना फोटोशॉप निवडलेल्या लेअरपुरतं बघतं म्हणून आपल्याला सवय लागते की निवडलं नाही, दिसत नाही, म्हंजे सुरक्षित. क्रॉपला, इमेज साइझला, कॅनव्हास फिरवण्याला हा नियम लागू नाही.

दुसरी गोष्ट, टिक. क्रॉप टूल घेतल्यावर वरच्या पट्टीत डिलीट क्रॉप्ड पिक्सल्स असा एक छोटा चौकोन असतो. तिथे टिक असेल तर चौकटीबाहेरचे पिक्सेल कायमचे जातात, चालू लेअरचे पण आणि बंद लेअरचे पण. टिक नसेल तर फक्त कॅनव्हास लहान होतो, बाहेरचं सगळं पडद्यामागे तसंच राहतं आणि रिव्हील ऑल मारलं की परत दिसतं. तुझ्याकडे तोरण परत आलं नाही याचा अर्थ टिक होती. ही टिक मागच्या वेळची तशीच लक्षात राहते, म्हणून आधी कधी फोटो कापताना चालू केली असशील तर पत्रिकेला पण तीच लागली. जुन्या माणसांना आठवत असेल, सीएस५ पर्यंत तिथे डिलीट की हाइड असं निवडायला होतं, २०१२ ला सीएस६ आलं त्यात क्रॉप टूल नव्याने केलं आणि त्याची ही टिक झाली.

आता तुझं खरं कोडं, काही का वाचले. कारण टिक फक्त पिक्सेल खाते. किलबिलची ओळ हा टेक्स्ट लेअर आहे, त्यात पिक्सेल साठवलेले नसतात, अक्षरं, फाँट, माप आणि जागा एवढंच असतं, म्हणून तो कॅनव्हासच्या कितीही बाहेर असला तरी कापायला काही सापडतच नाही. शेप टूलने काढलेला लेअर असेल तर त्याचंही तेच. आणि गणपती, मी पैजेवर सांगतो, तू फोल्डरमधून ओढून फोटोशॉपमध्ये सोडला होतास. तसं सोडलं की तो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून येतो, म्हंजे फाईलीच्या पोटात मूळ फाईल अख्खी ठेवलेली असते आणि बाहेर तिचं नुसतं रूप दिसतं. लेअरच्या छोट्या चित्राच्या कोपऱ्यात बारीक कागदासारखी खूण दिसेल बघ. त्यावर डबल क्लिक केलंस तर मूळ गणपती वेगळ्या खिडकीत उघडेल. तोरण मात्र कुठल्यातरी जुन्या फाईलीतून कॉपी-पेस्ट केलं असशील आणि काठ तर तू स्वतः सोडवलास, ते दोन्ही साधे पिक्सेल लेअर. गेले.

एक ध्यानात ठेव, स्मार्ट ऑब्जेक्टवर मास्क (लेअरचा कोणता भाग दिसेल ते ठरवणारा पडदा) लावलेला असेल तर आतलं चित्र वाचतं पण मास्क हा पिक्सेलचाच असतो, तो कापला जातो. लोकं स्मार्ट ऑब्जेक्ट केला म्हणून निर्धास्त राहतात आणि मास्कवर घातलेले तीन तास जातात.

पत्रिकावाला_सांगली

अण्णा, पैज जिंकलात. खूण आहे गणपतीवर, डबल क्लिक केलं तर अख्खा उघडला. आणि तोरण मागच्या वर्षीच्या एका मुंजीच्या पत्रिकेतून पेस्ट केलं होतं, अगदी बरोबर. तोरण त्यामुळे त्या फाईलीत मिळेल. काठाचं काय करू?

पिक्सेल_मोजणारी

थांबा, काठाआधी अजून एक गोष्ट बघून घ्या, कारण अण्णांनी जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे पण तुमच्या फाईलीत कापण्यापेक्षा दुसरं एक नुकसान झालेलं असणार आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही, छापून आल्यावर दिसतं.

तुम्ही लिहिलंय की वर १०८० बाय १०८० टाकलं. क्रॉपच्या पट्टीत डावीकडे एक यादी असते, तिथे रेशो निवडलं असेल तर आकडे म्हंजे फक्त प्रमाण, १ ला १. पण तिथे विड्थ, हाइट, रिझोल्यूशन असं निवडून पिक्सेलमध्ये आकडे टाकले तर फोटोशॉप कापतं आणि लगेच त्या आकड्याला बसवून अख्खी फाईल लहान पण करतं. एकाच एंटरमध्ये दोन्ही. इमेज मेनूतून इमेज साइझ उघडा, अर्थात रिव्हील ऑल न करता, जशी सेव्ह झाली होती तशी फाईल उघडून. काय आकडा दिसतो सांगा.

पत्रिकावाला_सांगली

१०८० बाय १०८० दिसतंय.

पिक्सेल_मोजणारी

मग झालंय ते. हिशोब करून दाखवते. ५ बाय ७ इंच, ३०० ने, म्हंजे १५०० बाय २१०० पिक्सेल. चौकोन पूर्ण रुंदीचा घेतला असणार, म्हंजे १५०० बाय १५००, वरून ३०० आणि खालून ३०० पिक्सेल गेले, म्हंजे पत्रिकेवर वर एक इंच आणि खाली एक इंच. तोरण आणि काठ बरोबर तिथेच होते. त्यानंतर उरलेल्या १५०० चे १०८० झाले, म्हंजे प्रत्येक पिक्सेल लेअर ७२ टक्क्यांवर आला, डोळा बंद होता की चालू याच्याशी संबंध नाही. आता तीच फाईल परत ५ इंच रुंद छापायला गेलात तर ३०० च्या जागी २१६ मिळणार. मोबाइलवर काही कळणार नाही, पण ऑफसेट छपाईला बारीक जरीकाम मऊ पडतं, मोराच्या पिसातल्या रेषा एकमेकींत मिसळतात.

आणि म्हणूनच मला हे आवर्जून सांगायचं होतं, की ती डिलीटची टिक काढलेली असती तरी तुम्ही वाचला नसतात. रिव्हील ऑल मारून १०८० बाय १५१२ ची पूर्ण पत्रिका परत दिसली असती, तोरण दिसलं असतं, काठ दिसला असता, तुम्हाला वाटलं असतं सगळं आलं, आणि छपाईला ती ७२ टक्क्यांवाली फाईल गेली असती. बहुतेक ठिकाणी टिक काढा एवढंच सांगतात. टिक काढल्याने कापणं थांबतं, लहान होणं थांबत नाही.

मजकूर आणि गणपती यांना मात्र याने काही झालेलं नाही. ते पण ७२ टक्के दिसतील, पण परत मोठे केले तर मूळ धारदारपणाने येतील, गणपती त्याच्या आतल्या मूळ मापापर्यंत.

कोकणातला_जिंपवाला

मी फोटोशॉप वापरत नाही, जिंप या फोटोशॉपसारख्याच फुकट प्रोग्रामवर काम करतो (मालवणात छोटं दुकान आहे, होमस्टे आणि खानावळींचे बोर्ड, मेनूकार्ड वगैरे), पण तिकडे पण हाच घोळ आहे म्हणून लिहितो, कोणी शोधत आलं तर उपयोग होईल. क्रॉप टूल शिफ्ट सी ने येतं, त्याच्या ऑप्शनमध्ये डिलीट क्रॉप्ड पिक्सल्सची टिक आहे, माझ्याकडे ती रिकामीच असते. टिक नसेल तर फक्त कॅनव्हास कमी होतो, लेअर तसेच राहतात, आणि २.१०.१४ पासून व्ह्यू मेनूत शो ऑल आलंय ते चालू केलं की कॅनव्हासच्या बाहेर काय काय लोंबतंय ते सगळं दिसतं, हे मला फार आवडतं कारण लपलेलं काय आहे ते एका नजरेत कळतं. परत मोठं करायचं तर इमेज मेनूतून फिट कॅनव्हास टू लेअर्स. एकच लेअर कापायचा असेल तर त्याच ऑप्शनमध्ये तसं निवडता पण येतं. पण सिलेक्शन करून क्रॉप टू सिलेक्शन मारलं की ते सगळ्या लेअरना लागतं, डोळा बंद असलेल्यांना पण. मासळीच्या दरांचा एक लेअर मी पावसाळ्यात बंद ठेवतो, तो असाच अर्धा गेला होता, तेव्हापासून बघून करतो.

शाळेची_संगणकताई

मी उलट बाजूने लिहिते, कारण सगळे म्हणताहेत की पिक्सेल वाचवा, पण न गेलेल्या पिक्सेलचाही धोका असतो आणि तो मला जास्त वाटतो.

माझ्याकडे शाळेत मुलांच्या प्रवेशाचे कागद स्कॅन होऊन येतात. कोणीतरी आधार कार्डाचा फोटो वर्डमध्ये टाकतं, तिथेच क्रॉप करून फक्त चेहरा ठेवतं आणि फाईल दहा जणांना मेल करतं. वर्डमध्ये क्रॉप म्हंजे नुसतं झाकणं आहे. कोणीही त्या फोटोवर क्लिक करून परत क्रॉप दाबलं की पूर्ण कार्ड, नंबर, पत्ता सगळं दिसतं. एका आईला मी हे तिच्या समोर करून दाखवलं, ती गप्पच झाली. तिथे कॉम्प्रेस पिक्चर्स म्हणून आहे, त्यात डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्सला टिक करून मगच फाईल बाहेर पाठवायची. पॉवरपॉइंटला पण तेच. पीडीएफमध्ये पानं क्रॉप केली तरी बहुतेक वेळा कडा फक्त लपतात, मजकूर आतच असतो.

फोटोशॉपवाल्यांनी पण लक्षात घ्या, टिक काढून क्रॉप केलेली पीएसडी किंवा लेअरसकट टिफ बाहेर दिली तर चौकटीबाहेरचं सगळं आणि बंद लेअर सगळे समोरच्याला मिळतात. जेपेग दिली तर ती एकच सपाट चित्र असते, त्यात फोटोशॉपमधलं हे लपलेलं येत नाही. म्हणून बाहेर द्यायचं ते सपाट करून द्या.

आणि नुसतं सपाट चित्र असलं तरी कधीकधी प्रोग्रामच्याच चुकीने मागे राहतं. २०२३ च्या मार्चमध्ये ते प्रकरण निघालं होतं ना, गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या फोटो-एडिटरमधून कापलेले स्क्रीनशॉट. सायमन एरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी ते शोधलं, त्याला अॅक्रोपलिप्स असं नाव पडलं. कापलेलं नवीन लहान चित्र जुन्या मोठ्या फाईलीवरच लिहिलं जायचं पण फाईलीचा उरलेला शेपटाकडचा भाग छाटला जात नव्हता, त्यामुळे त्या शेपटातून जुन्या चित्राचा काही भाग परत काढता यायचा. नंतर विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये पण तसंच सापडलं. दोन्हीकडे दुरुस्ती आली, पण आधी जे स्क्रीनशॉट लोकांनी पाठवले होते ते जिथे पडलेत तिथे तसेच आहेत.

डीटीपी_अण्णा

ताई, तुमचा मुद्दा पटला. मी दोन्हीला एकच उत्तर देतो, मास्टर फाईलीवर क्रॉप करायचाच नाही. इमेज मेनूत डुप्लिकेट आहे. ते दाबलं की विचारतं, डुप्लिकेट मर्ज्ड लेअर्स ओन्ली, त्याला टिक करायची. जे डोळ्याला दिसतंय तेवढंच एका लेअरमध्ये नवीन खिडकीत येतं, बंद लेअर त्यात येतच नाहीत. त्यावर काय क्रॉप करायचा तो करा, १०८० करा, ५०० करा, जेपेग काढा, सेव्ह न करता बंद करा. मास्टर वाचतो आणि पार्टीला लपलेलं काही जात पण नाही.

काठाबद्दल, फाईल कुठे ठेवतोस रे? संगणकात नुसती की गूगल ड्राइव्हच्या फोल्डरला?

पत्रिकावाला_सांगली

ड्राइव्हच्या फोल्डरमध्येच आहे अण्णा, घरून पण काम करता यावं म्हणून. पण तिथे पण तीच कापलेली फाईल दिसतेय, बघितलं मी.

डीटीपी_अण्णा

अरे मग बसलायस कशाला! ब्राउझरमधून ड्राइव्ह उघड, त्या पीएसडीवर राइट क्लिक कर आणि मॅनेज व्हर्जन्स शोध. त्याच फाईलीवर परत परत सेव्ह केलं की जुनी रूपं ३० दिवस किंवा १०० व्हर्जनपर्यंत राहतात. तू तीन दिवसांपूर्वी सेव्ह केलंस. क्रॉपच्या आधीच्या तारखेचं डाउनलोड कर, पण वेगळ्या नावाने ठेव, त्यावर परत सेव्ह मारू नकोस आत्ता.

पत्रिकावाला_सांगली

मिळालं!!! आदल्या दिवशी रात्रीचं व्हर्जन मिळालं, १५०० बाय २१००, काठ आहे, तोरण आहे.

फक्त एक राहिलं, त्या व्हर्जननंतर पार्टीने मजकुरात बरेच बदल सांगितले होते. निमंत्रकांची दोन नावं वाढली, एका काकांच्या नावाआधी कै. लावायचं होतं, मुहूर्ताची वेळ बदलली, हे सगळं कापलेल्या फाईलीतच आहे आणि ते कागदावर लिहून दिलेलं नव्हतं, फोनवर सांगितलेलं. परत टाइप करताना एखादं नाव चुकलं तर काय होतं तुम्हाला माहितीच आहे.

पिक्सेल_मोजणारी

टाइप करू नका. कापलेल्या फाईलीतून मजकुराचे लेअर सगळे निवडा आणि जुन्या पूर्ण फाईलीत ओढून टाका. ते ७२ टक्क्यांचे आहेत, म्हणून फ्री ट्रान्सफॉर्म घेऊन रुंदी-उंची दोन्हीला १३८.८९ टक्के टाका, १५०० भागिले १०८०. टेक्स्ट लेअर आहेत, मोठे करून काही खराब होणार नाही. एकत्र निवडूनच मोठे करा म्हंजे ओळींमधली अंतरं जशीच्या तशी राहतील. मग जुन्या मजकुराच्या एका न बदललेल्या ओळीवर, समजा श्री कृपेकरूनवाल्या ओळीवर, नवीन ओळ बरोबर बसवा, बाकी आपोआप जागेवर येतील. आणि जुना मजकूर डिलीट करण्याआधी एकदा दोन्ही वाचून बघा.

पत्रिकावाला_सांगली

झालं ताई, १३८.८९ ने अगदी केसाचाही फरक न पडता बसलं. जुना मजकूर लाल करून खाली ठेवला, नवीन वर, जिथे लाल डोकावतंय तेवढ्याच जागी बदल आहे हे लगेच कळलं, सगळे बदल मोजून बघितले, सातही आहेत. चि.सौ.कां. च्या ओळीतलं अक्षर न अक्षर तपासलं.

काठ आणि तोरण दोन्ही आता स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवले. पैठणीचा मूळ फोटो आणि सोडवलेला काठ वेगळ्या फाईली करून पार्टीच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या, नवरीच्या लहान बहिणीचं लग्न पण पुढेमागे होईलच. क्रॉपच्या पट्टीतलं ते विड्थ, हाइट, रिझोल्यूशन काढून रेशो करून ठेवलंय.

संध्याकाळी प्रूफ काढून घेऊन गेलो होतो त्यांच्याकडे. आजींनी चष्मा लावून पत्रिका खिडकीपाशी नेली, काठावर बोट फिरवलं आणि मोर मोजले. नऊच्या नऊ आहेत.